आईचं बीपी आणि घरातलं मीठ: निपाणीकडून आलेल्या प्रश्नाला उत्तर

निपाणीजवळच्या एका गावातून एका मुलानं विचारलंय. आई ५६ वर्षांची. बीपी १५८/९६ निघालं म्हणून डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली आणि मीठ कमी करायला सांगितलं. घरात लोणचं-पापड बंद झालं, साध्या मिठाच्या जागी सैंधव आलं. तीन महिने झाले तरी बीपी १५०/९२ च्या खाली उतरत नाही. त्यांचे प्रश्न असे: सैंधव बरोबर आहे ना? बेळगावात 'कमी सोडियम'चं मीठ मिळतं, ते आणावं का? केळी, नाचणी, दूध यांनी बीपी खरंच उतरतं का? आणि वडील दिवसभर उसात राबतात, घाम गाळतात, त्यांच्याही ताटातलं मीठ कमी करायचं का?

क्रम थोडा बदलून उत्तर देतो, कारण माझ्या मते खरी गोम या चारही प्रश्नांच्या बाहेर आहे. तुम्ही लोणचं बंद केलंत, पण आमटीत किती मीठ पडतं ते पाहिलं नाहीत.

बेळगाव, खानापूर, चिकोडीकडचे बीपीचे पेशंट बघता बघता माझी अर्धी हयात गेली. मीठ कमी करा म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "डॉक्टर, मी कुठं मीठ खाऊलालोय?" आणि माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या हिशेबात मीठ खाणं म्हणजे ताटात वरून वाढून घेणं. ते तो करत नाही, म्हणजे त्याचं पथ्य चाललंय. अमेरिका-इंग्लंडात लोकांच्या पोटात जाणारं बहुतेक मीठ कारखान्यातल्या तयार पदार्थांतून येतं, म्हणून तिकडचा सल्ला 'पाकीटबंद खाऊ नका' असा असतो. आपल्याकडे, त्यातही खेड्यात, उलट आहे. आपलं बहुतेक मीठ घरच्या चुलीवर, घरच्याच माणसाच्या हातून पडतं. त्यामुळे पेशंटला एकट्याला दिलेला सल्ला फुकट जातो. स्वयंपाक जो करतो त्याच्याशी बोलावं लागतं. तुमच्या घरी बहुधा आईच स्वयंपाक करत असतील. घरातल्या चार जणांच्या जिभेला रुचावं म्हणून त्या मीठ घालणार आणि तेच स्वतः खाणार.

म्हणून पहिलं काम फुकटातलं आहे. मिठाचा नवा पुडा फोडाल त्या दिवशी त्याच्यावर पेनानं तारीख लिहा. संपेल त्या दिवशी दिवस मोजा. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलंय, म्हणजे सपाट भरलेला साधारण एक छोटा चमचा, दिवसभराचं सगळं धरून. पाच माणसांच्या घरात या हिशेबानं किलोचा पुडा ४० दिवस जायला हवा. तो २०-२२ दिवसांत संपत असेल तर माणशी ९-१० ग्रॅम चाललंय. लहान पोरं असतील तर त्यांना अर्धं माणूस धरा. जनावरांच्या आंबोणात, वाळवणात किंवा भाजी धुवायला जे मीठ जातं ते वेगळ्या डब्यात काढून ठेवा, नाहीतर हिशेब फसतो. देशपातळीवरच्या २०१७-१८ च्या पाहणीत माणशी सरासरी ८ ग्रॅम निघालं होतं, आणि त्याआधीच्या अभ्यासांचा एकत्र अंदाज ११ ग्रॅमच्या जवळपास होता. तेव्हा तुमच्या घरचा आकडा ९-१० आला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण तिथून सुरुवात करायचीय हे कळेल.

आता पुड्याच्या हिशेबात न येणारं मीठ. आपल्या पट्ट्यात याचा सगळ्यात मोठा साठा कुठं असेल तर तो वर्षाच्या चटणीत. मी ताटात डाव्या बाजूला वाढायच्या चटणीबद्दल बोलत नाही. उन्हाळ्यात डंकावर कुटून बरणीत भरून ठेवतो ती कांदा-लसणाची चटणी, जी भाजीत, आमटीत, रश्शात तिखट म्हणून पडते, ती. ती वर्षभर टिकावी म्हणून तिच्यात खडे मीठ चांगलं सढळ हातानं पडतं. प्रमाण घरोघरी वेगळं, पण मिरचीच्या किलोला पाव किलोच्या पुढंमागं मीठ मी पुष्कळ घरांत ऐकलंय. मग होतं काय, आमटीत दोन चमचे चटणी पडली की तिच्याबरोबर मीठ आधीच पडलेलं असतं, आणि त्यावर सवयीनं पुन्हा चमचाभर मीठ. येत्या उन्हाळ्यात चटणी कुटाल तेव्हा मीठ निम्मं करा आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवा. या वर्षीची संपेपर्यंत एवढंच करा: आमटीला उकळी आल्यावर आधी चव घ्या, मग मीठ घाला. चव न बघता मीठ घालायची सवय आपल्या बायकांच्या हातात इतकी मुरलीय की हे सांगितलं की त्या हसतात. पण आठ दिवस केलं की त्यांनाच फरक कळतो.

बाकीचं भराभर. ज्वारीच्या भाकरीत मीठ नसतं, ही आपली जमेची बाजू. चपातीच्या कणकेत मीठ घालत असाल तर बंद करा, दोन दिवसांत कुणाच्या लक्षातही राहत नाही. भातात मीठ घालायची पद्धत काही घरांत आहे, तीही सोडता येते. शेंगाचटणी, कारळाची, जवसाची चटणी पौष्टिकच, फक्त ती करताना मीठ निम्मं आणि लसूण-जिरं जास्त. खर्डा मात्र मिठाशिवाय खर्डा होत नाही, तो आठवड्यातून एखाद्या वेळी. घरी वाळवलेली म्हणा किंवा बाजारातून आणलेली म्हणा, सुकी मासळी आणि खारा बांगडा खानापूरकडं पावसाळ्यात बराच खाल्ला जातो. खारा बांगडा दोन पाण्यांत भिजवून पाणी फेकून दिलं तरी मीठ उरतंच. सांडगी मिरची हा तर ताकातल्या मिठाचाच पदार्थ. चहाबरोबर खारी, टोस्ट, बटर आणि संध्याकाळी भडंग, फरसाण, हे घरच्या पुड्यात मोजलं जात नाही. पापड एकच खाल्ला तरी अर्धा ग्रॅम मीठ, लोणच्याची एक मोठी फोड खारासकट एक-दीड ग्रॅम. तेव्हा तुम्ही लोणचं-पापड बंद केलंत ते वाया गेलं असं नाही. दिवसाला दोन ग्रॅम तरी वाचले असतील. पण ज्या घरात दहा ग्रॅम चाललंय तिथं दोन वाचवून बीपीच्या आकड्यात फार काही दिसत नाही.

पाकिटावरची माहिती आपल्याकडे बहुतेक इंग्रजीत असते आणि आईला ती वाचता येत नसेल. तुम्ही वाचा. तिथं मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं, मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. झटपट नूडल्सच्या एका छोट्या पुडीत दोन ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, हे एकदा स्वतः गुणून बघा म्हणजे पटेल.

मीठ आणि बीपीचा संबंध नेमका कसा, हे विचारलेलं नाही, पण ते कळल्याशिवाय पुढचं पोटॅशियमचं प्रकरण समजणार नाही. रक्तात सोडियम वाढलं की तहान लागते आणि शरीर पाणी धरून ठेवतं. रक्ताचं आकारमान वाढतं. निरोगी मूत्रपिंड दाब किंचित वाढताच जास्तीचं सोडियम लघवीवाटे बाहेर टाकतं आणि गाडी रुळावर येते. ज्यांची मूत्रपिंडं हे काम आळसानं करतात, त्यांच्यात तेवढंच सोडियम बाहेर काढायला जास्त दाब लागतो, आणि शरीर तो जास्त दाब कायमचाच करून टाकतं. शिवाय जास्त मिठानं रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, त्या हव्या तेव्हा सैल पडत नाहीत. वय वाढलं, मधुमेह असला, मूत्रपिंड थकलेलं असलं, पोटाचा घेर वाढलेला असला की माणूस मिठाला जास्त संवेदनशील होतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही हे वाढतं. म्हणजे तुमच्या आई नेमक्या त्या गटात बसतात जिथं मीठ कमी केल्याचा फायदा जास्त होतो.

किती फायदा? २०२३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० ते ७५ वयाच्या २१३ माणसांना एक आठवडा भरपूर मिठाचं आणि एक आठवडा अगदी कमी मिठाचं जेवण दिलं. दोन्ही आठवड्यांत वरच्या बीपीचा फरक साधारण ८ चा पडला. चारांतल्या जवळपास तिघांचं बीपी उतरलं, आणि त्यात गोळ्या चालू असलेलेही होते. पण ते पथ्य फारच काटेकोर होतं. रोजच्या घरगुती जेवणात दिवसाचं चार-साडेचार ग्रॅम मीठ महिनाभर आणि पुढं कमी ठेवलं तर बीपी असलेल्या माणसात वरचा आकडा सरासरी ५ नं उतरतो. म्हणजे तुमच्या आईंच्या १५० चे १४५ होतील, फार तर १४२. फक्त मिठाच्या जोरावर १३० होईल अशी आशा धरू नका आणि तसं झालं नाही म्हणून पथ्य सोडूही नका. यात एक गोष्ट मात्र डॉक्टरही सांगायला विसरतात: टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या कमी मिठाच्या जेवणात जास्त चांगल्या लागू पडतात. जास्त मीठ खाणाऱ्याला तीच गोळी निम्म्या ताकदीची वाटते.

इथं एक वाद तुमच्या कानावर आला असेल, कारण मोबाईलवर तो फिरत असतो: 'फार कमी मीठही घातक, शास्त्रज्ञ म्हणतात'. असे निष्कर्ष काढणारे काही मोठे अभ्यास आहेत हे खरं. पण त्यांच्यात मीठ मोजलं ते बहुतेक सकाळच्या एका लघवीच्या नमुन्यावरून अंदाज बांधून. आधीच आजारी माणूस कमी जेवतो, म्हणून त्याचं मीठही कमी दिसतं, ही गफलतही त्यात शिरते. माझं मत विचाराल तर रोज दहा ग्रॅम खाणाऱ्या घरात या वादाची चर्चा करायची वेळच आलेली नाही. सहापर्यंत खाली या, मग वाद घालू.

आता पोटॅशियम. बीपीच्या गोष्टीत सोडियमइतकाच याचा हात आहे आणि याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. जेवणात पोटॅशियम कमी पडलं की मूत्रपिंड ते वाचवायच्या नादात सोडियमही धरून ठेवतं. पोटॅशियम भरपूर मिळालं की सोडियम बाहेर सोडतं. म्हणून मीठ कमी करणं आणि पोटॅशियम वाढवणं या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर परिणाम जास्त दिसतो. अमेरिकेत १९९७ मध्ये आणि मग २००१ मध्ये याची नीट परीक्षा झाली. फळं, भाज्या, कडधान्यं आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही यांचं जेवण दिलं, नंतरच्या परीक्षेत त्याच्यासोबत मीठही कमी केलं. बीपी असलेल्या लोकांत, नेहमीचं जेवण आणि जास्त मीठ यांच्या तुलनेत, वरचा आकडा ११ च्या पुढं उतरला. एका गोळीइतका फरक झाला म्हणा ना.

त्यासाठी ॲव्होकॅडो नको आणि परदेशी पालेभाज्याही नकोत. बेळगाव तालुक्यात रताळं पिकतं, इथल्या बाजारातून पोत्यांनी उत्तरेकडं जातं, आणि आपण ते फक्त एकादशीला आठवतो. १०० ग्रॅम रताळ्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, साधारण एका केळ्याइतकं. भाजून किंवा वाफवून खा, किस करून तुपात परतताना वर मीठ भुरभुरू नका. मेथी, पालक, शेपू, राजगिरा, शेवग्याचा पाला, या सगळ्यांत भरपूर आहे. मटकी, हरभरा, मूग, तूर यांत तर त्याहून जास्त. दिवसाची गरज साडेतीन हजार मिलिग्रॅमची. भाकरी, वाटीभर उसळ, आमटी, पालेभाजी, एक फळ आणि ताक असं रोज जेवलं तर त्याच्या जवळ पोचता येतं. एक भाजी, तीही बटाट्याची, आणि भात असं जेवलं तर पोचत नाही. आपल्याकडं दुपारच्या डब्यात अजून भाकरी-उसळ असते, पण रात्री नुसता भात आणि आमटीचं पाणी, हे मी घरोघरी बघतो.

एक बारीकशी गोष्ट सांगतो, कारण ती स्वयंपाकघरातलीच आहे. पोटॅशियम पाण्यात उतरतं. पालेभाजी उकडून पिळून पाणी मोरीत ओतलं की बरंचसं पोटॅशियम त्याच्याबरोबर गेलं. म्हणून भाजी थोड्या पाण्यात, झाकण ठेवून शिजवा. पुरणाची डाळ शिजवून जो कट काढतो त्यात डाळीचं पोटॅशियम उतरलेलं असतं, आणि आपण त्याची आमटी करतो. कटाची आमटी बीपीवाल्यालाही चालते, फक्त तिच्यात मीठ कमी. ज्यांचं मूत्रपिंड निकामी होत आलंय त्यांना मात्र आम्ही याच्या बरोबर उलट सांगतो: भाजी भरपूर पाण्यात उकडा, पाणी फेका, कट टाळा, शहाळं बंद. त्यामुळे शेजारच्या काकांना डॉक्टरांनी केळी बंद केलीत म्हणून आईंची बंद करू नका. त्यांचा आजार वेगळा असणार.

याच कारणासाठी 'कमी सोडियम'च्या मिठाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्या मिठात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर याची मोठी चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आले. अर्ध्या गावांना ७५ टक्के साधं आणि २५ टक्के पोटॅशियमचं असं मिसळलेलं मीठ दिलं, बाकीच्यांनी नेहमीचं वापरलं. जवळपास पाच वर्षांत पहिल्या गटात पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले, मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. खेड्यातली, घरीच स्वयंपाक करणारी माणसं, म्हणजे आपल्यासारखीच. मला स्वतःला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही मोठ्या माणसांसाठी अशा मिठाची शिफारस केली, पण गरोदर बायका, मुलं आणि मूत्रपिंडाचा आजार असलेले लोक वगळून.

आणि तुमच्या आईंच्या बाबतीत नेमकी इथंच ठेच लागू शकते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. स्पायरोनोलॅक्टोन तर त्याहून जास्त. मूत्रपिंड चांगलं असेल तर फार बिघडत नाही, पण मूत्रपिंड कमजोर असेल आणि वर हे मीठ चालू केलं तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. याला आधी लक्षणं दिसतीलच असं नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी आईंच्या रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्या. सरकारी दवाखान्यातही होतं. रिपोर्ट नॉर्मल असेल, डॉक्टरांनी हो म्हटलं, तर आणा, आणि महिनाभरानं पोटॅशियम पुन्हा एकदा बघा. घरात आणखी कुणाला मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर त्यांचीही तपासणी आधी, कारण मीठ सगळ्यांच्याच आमटीत पडणार. आणखी एक, पाकिटामागं वाचा. बाजारातल्या काही पुड्यांत सोडियम १५ टक्केच कमी असतं. दुप्पट किंमत मोजून आणलं म्हणून हात सैल सोडला तर होता तो फायदाही गेला.

सैंधवाबद्दल थोडक्यात: ते मीठच आहे. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के सोडियम क्लोराईड. त्यात अमुक इतकी खनिजं असतात म्हणतात, असतीलही, पण ज्या प्रमाणात आपण मीठ खातो त्या प्रमाणात ती नगण्य. काळं मीठ, खडे मीठ, गुलाबी मीठ, सगळ्यांची गत तीच. उपासाला सैंधव चालतं ही धर्माची गोष्ट, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बीपीसाठी त्याचा उपयोग शून्य. उलट नुकसान एक: सैंधवात सहसा आयोडीन नसतं. खानापूर, जोयड्याकडच्या घाटमाथ्याच्या गावांत पूर्वी गळ्याला गलगंड आलेल्या बायका सहज दिसायच्या. आयोडीनयुक्त मीठच वापरा, पण कमी वापरा.

नाचणी आणि दूध म्हणजे कॅल्शियम. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. कॅल्शियमनं बीपी उतरतं ते थोडंसंच, आणि ज्यांच्या जेवणात ते आधीच कमी आहे त्यांच्यात. आईंच्या हाडांसाठी ते हवंच, तेव्हा नाचणीचं आंबील, भाकरी, दूध, दही चालू ठेवा, पण आंबिलात आणि ताकात मीठ टाकू नका. जिरं, आलं, कोथिंबीर ठेचून घातली की ताक अळणी लागत नाही. मॅग्नेशियमचा परिणाम त्याहूनही किरकोळ, वरच्या आकड्यात दोनाचा वगैरे. भाकरी आणि डाळी खाणाऱ्याला त्याच्या गोळ्या घ्यायची गरज नाही. लसूण, मेथीदाणे, बीट यांचे काढे पिऊन गोळी बंद करणारे माझ्याकडे येतात. बहुतेक पक्षाघातानंतर येतात.

गूळ हा ऊसपट्ट्यातला लाडका विषय. साखरेपेक्षा त्यात पोटॅशियम जास्त आहे हे खरं, पण ते मिळवायला जेवढा गूळ खावा लागेल तेवढ्यानं वजन वाढेल. वजनाचा हिशेब साधा आहे: एक किलो उतरलं की वरचं बीपी साधारण एकानं उतरतं. आईंचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही.

बीपी उतरत नसेल तर ताटाबाहेरच्या चार गोष्टी विचारायच्या असतात, त्या तुमच्या आईंना विचारा. पहिली, गुडघेदुखीच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या सोडियम धरून ठेवतात, बीपी चढवतात, टेल्मिसार्टनचं काम मोडतात आणि दोन्ही मिळून किडनीला मारतात. उसाच्या आणि तंबाखूच्या पट्ट्यात राबणाऱ्या बायकांच्या पदराला या गोळ्या बांधलेल्या असतात, आणि डॉक्टरांनी 'दुसरं काही औषध घेता का' विचारलं की त्या नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नव्हे. दुखतं तेव्हा साधी पॅरासिटामॉल बरी. पाण्यात विरघळून फसफसणारी नको, तिच्यात सोडियम असतं. तीच गोष्ट ॲसिडिटीच्या फसफसणाऱ्या पुडीची. एका पुडीत दीड ग्रॅम मिठाइतकं किंवा जास्त सोडियम सहज जातं, आणि जेवणानंतर रोज एक घेणारी माणसं आहेत. दुसरी गोष्ट मिश्री, म्हणजे दातांना लावायची भाजलेली तंबाखू. निपाणीकडे हे विचारायलाच हवं. तिसरी, खोकल्यासाठी किंवा घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळत असतील तर थांबवा. ज्येष्ठमधानं शरीर सोडियम धरतं आणि पोटॅशियम घालवतं, बीपी चांगलंच चढतं. चौथी गोष्ट, गोळी रोज घेतात का. 'बरं वाटतंय' म्हणून दोन दिवसांआड घेणं इकडं फार.

हे सगळं ठीक असेल आणि पुड्याचा हिशेब सहा ग्रॅमच्या आसपास आणूनही महिना-दीड महिन्यात घरी बीपी १३५/८५ च्या खाली येत नसेल, तर औषध वाढवायला हवं. टेल्मिसार्टन ४० हा सुरुवातीचा डोस आहे. डॉक्टर तो वाढवतील किंवा जोडीला दुसरी गोळी देतील. गोळी वाढली म्हणजे पथ्य फसलं असा अर्थ काढू नका. आणि बीपी मोजताना पाच मिनिटं टेकून बसू द्या, पाय जमिनीला, हात छातीच्या पातळीत, चहा पिऊन अर्धा तास झालेला. बसमधून उतरून जिना चढून आलेल्या माणसाचं बीपी मोजून गोळ्या वाढवलेल्या मी बघितल्यात.

आता वडील. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या घामातून लिटरला अर्धा ते सव्वा-दीड ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे मिठाच्या भाषेत साधारण सव्वा ते साडेतीन ग्रॅम. एप्रिल-मे मध्ये दिवसभर ऊस भरणाऱ्याचा तीन-चार लिटर घाम जाणं अवघड नाही. तेव्हा ज्यांचं बीपी नॉर्मल आहे आणि जे खरोखर घाम गाळतात, त्यांना ग्रॅम मोजत बसायची गरज नाही. पण यातून 'घाम येतो म्हणून मीठ खायला हवं' असा सरसकट नियम काढू नका. पावसाळ्यात, थंडीत, बांधावर उभं राहून मजुरांवर देखरेख करताना तेवढा घाम जात नाही, आणि सवय मात्र वर्षभराची लागते. शरीर उष्णतेला सरावलं की घामातलं मीठही कमी होतं. आधी त्यांचंही बीपी मोजा. घरात एकाला असलं की दुसऱ्याचं मोजलेलंच नसतं, आणि शेतकऱ्याला बीपी नसतं असं गावात पक्कं मानतात. नॉर्मल असेल तर स्वयंपाक सगळ्यांचा कमी मिठाचाच करा आणि वडिलांच्या डब्यात कडक उन्हाच्या दिवसांत ताकाची बाटली मीठ घालून द्या. दोन आमट्या करायची योजना आठ दिवस टिकते, मग आईच सगळ्यांबरोबर खारट आमटी खायला लागतात.

जिभेला नवीन चव पटायला चार ते आठ आठवडे लागतात. एकदम निम्म्यावर आणलंत तर घरात बंड होईल. दर आठवड्याला थोडं थोडं कमी करा, चिंच, आमसूल, लिंबू, लसूण वाढवा. दीड महिन्यानं लग्नाच्या पंगतीतली आमटी त्यांनाच खारट लागेल. पंगतीत, जत्रेत, म्हाईला एखाद्या दिवशी रस्सा खाल्ला म्हणून काही बिघडत नाही. बीपी रोजच्या जेवणावर ठरतं.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याबाबत एक सावधगिरी. ज्यांना लघवी वाढवणारी गोळी, म्हणजे क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाईड चालू आहे, वय सत्तरच्या पुढं आहे, आणि उन्हाळ्यात ज्यांचं जेवणच अर्ध्यावर आलंय, त्यांचं मीठ अगदी बंद करू नका. रक्तातलं सोडियम घसरतं. आजी दुपारपर्यंत ठीक असते, संध्याकाळी असंबद्ध बोलायला लागते, चालताना झोकांडी जाते, आणि घरचे म्हणतात ऊन लागलं किंवा बाहेरची बाधा झाली. अशा वेळी घरी मिठाचं पाणी पाजत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन सोडियम तपासा. आणि आईंच्या बाबतीत बीपी १८०/१२० च्या वर गेलं, सोबत छातीत दुखलं, दम लागला, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर रात्र असो की पहाट, गावातल्या डॉक्टरकडं न थांबता १०८ ला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात न्या.